मार्कशीटवर न येणारे विषय
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात 'कॉलेजच्या तीन-चार वर्षांत पुस्तकाबाहेरचे काय शिकायला मिळते' याविषयी प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रे आली. बरीच पालकांची होती, काही विद्यार्थ्यांची. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून निवडक सात इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: कॉलेजात नुसते नाव घातल्याने यातले काहीही अंगी लागत नाही. काम अंगावर घेतले आणि ते चुकले तर निस्तरायलाही आपणच जावे लागले, तरच शिकणे होते. उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मी यंत्रमाग कामगार. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षे घालवून शेवटी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबच लिहायचा असेल, तर आत्ताच कामाला लावला तर काय बिघडले? कॉलेज असे वेगळे काय देते?
— एक पालक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : हिशेब लिहिण्यापुरतेच काम असेल तर काही बिघडत नाही. पण हिशेब लिहिणे आणि हिशेब पडताळणे ही दोन वेगळ्या पगारांची कामे आहेत, आणि दुसरे काम मुलगा कॉलेजात शिकतोय की नाही हे तुम्हाला घरबसल्या तपासता येते.

ओळखीच्या एखाद्या दुकानाची एका महिन्याची, दुकानात लिहिलेली बँकेच्या व्यवहारांची वही आणि त्याच महिन्याचे पासबुक त्याच्यासमोर ठेवा. दोन्हीकडची शिल्लक सहसा जुळत नाही. ती का जुळत नाही हे त्याने शोधून सांगावे. दिलेला चेक अजून वटलेला नसतो, बँकेने चार्जेस कापलेले असतात आणि वहीत नोंद नसते, किंवा गिऱ्हाइकाने परस्पर खात्यात पैसे भरलेले असतात. हे सगळे हिशेबात धरूनही फरक उरला आणि त्याला नऊने भाग जात असला, तर कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा: ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९० येतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे तासाभरात जमायला हवे. जमत नसेल तर कॉलेज सोडायची घाई नको. तो वर्गात नेमके काय करतो हे मात्र जरूर विचारा.

दुसरी परीक्षा तुमच्याच धंद्यातली. ३० बाय ६० इंचाचा, ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचा टॉवेल घ्या. क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर, म्हणजे एका टॉवेलचे वजन साधारण ४६५ ग्रॅम. शंभर डझनांच्या ऑर्डरला नुसत्या तयार मालाचेच साडेपाचशे किलोच्या वर वजन होते. आता सुताचा भाव, वाया जाणारे सूत, सायझिंग (सुताला खळ), डाइंग (रंगाई), मजुरी, वीज, शिलाई, पॅकिंग हे सगळे धरून एका नगाची किंमत काढायला सांगा. सूत कुठे आणि किती वाया जाते हे तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगले माहीत आहे, तेव्हा तिथे त्याने तुम्हाला विचारावे. कागदावरची रीत आणि मागावरची माहिती एकत्र आणता येणे ही या शिक्षणाची खरी कमाई. सोलापुरात टॉवेल-चादरींचे कारखाने एवढे असताना कॉमर्सच्या मुलाने कॉस्टिंग फक्त पुस्तकातून शिकावे, हे आम्हाला तरी पटत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात कामाच्या जागी जाऊन घ्यायच्या प्रशिक्षणाला क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) आहेत. अशा कामाला एका क्रेडिटमागे ३० तास धरतात, म्हणजे चार क्रेडिट असतील तर १२० तास. इथे एक पळवाट सर्रास काढली जाते: काकाच्या दुकानाचा शिक्का, खाली सही, काम शून्य. मुलाला क्रेडिट मिळतात आणि शिकायची एक फुकट संधी जाते. त्यापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, मार्केट यार्डातली अडत किंवा सीए.चे ऑफिस गाठावे. रोज संध्याकाळी चार ओळींची डायरी लिहावी: काय काम दिले, काय चुकले, कोणी दुरुस्त केले, उद्या काय विचारायचे. तोंडी परीक्षेत ही डायरी समोर ठेवली की मुलाने काम केले आहे हे समोरच्याला लगेच कळते.

आणि एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. पूर्व भागातला तेलुगू घरातला मुलगा, अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा, बार्शीचा मराठी आणि शहरातला उर्दू शाळेतून आलेला, हे चौघे कॉलेजातच पहिल्यांदा एका बाकावर येतात. उद्या व्यापारी, दलाल, ट्रान्सपोर्टवाला आणि बँकेतला माणूस असेच वेगवेगळ्या घरांतले असणार. त्यांच्याशी बोलायची भीड आत्ताच मोडली तर पुढे कामाला येते.

प्रश्न : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा प्रोजेक्ट, पण काम मी आणि एक मैत्रीण करतो. बाकीचे दोघे 'करतो, करतो' म्हणतात. सरांना सांगितले तर चुगली केल्यासारखे होईल. काय करू?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आधी एक तपासून बघ. त्या दोघांना काम करायचे नाही की येत नाही? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. न येणारा मुलगा ते कबूल करत नाही, लाज वाटते म्हणून टाळत राहतो. त्याला दोन तासांत होईल एवढेच काम दे आणि ते करताना शेजारी बस. अडखळत का होईना केले, तर प्रश्न शिकवण्याचा आहे. बसायलाच आला नाही, तर प्रश्न वेगळा आहे.

मग कामाची वाटणी बघ. 'तू डेटाबेस बघ, तू डिझाइन बघ' ही वाटणी नव्हे. कोणी, काय आणि कधीपर्यंत, या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात. 'लॉगिनचे पान आणि चुकीच्या पासवर्डचा मेसेज, रविवारी रात्रीपर्यंत, काम अमुककडे' असे लिहून ग्रुपवर टाक. मोठे काम अंगावर पडले की माणूस सुरुवातच करत नाही. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे चौघांनी बसायचे, प्रत्येकाने झालेले काम स्क्रीनवर दाखवायचे. दाखवता येत नसेल तर ते झालेले नाही. 'नव्वद टक्के झालंय' हे उत्तर चालवून घ्यायचे नाही.

फाइलींची नावे तारखेने दे. 'फायनल', 'फायनल-२', 'एकदम फायनल' अशा नावांमुळे सबमिशनच्या आदल्या रात्री जुनीच प्रत ब्लॅक बुकला (प्रोजेक्टच्या बांधीव अहवालाला) जाते, आणि हे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गटाचे होते.

आता सरांना सांगण्याचे. चुगली वाटेल की मदत, हे बरेचसे वेळेवर ठरते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चौघांनी मिळून मार्गदर्शकांकडे जायचे आणि वाटणीचा कागद पुढे ठेवून म्हणायचे, 'सर, एवढे झाले, एवढे अडले आहे, वाटणी बदलायची का?' यात कोणाचे नाव घ्यावे लागत नाही, कागदावरून त्यांना कळते. हेच व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या दिवशी, एकटीने आणि रडवेल्या आवाजात सांगितले तर ती तक्रार होते आणि तोवर कोणाच्याच हातात काही उरलेले नसते. बाहेरचे परीक्षक प्रत्येकाला वेगळे प्रश्न विचारतात. ज्याने काम केले नाही तो दुसऱ्या प्रश्नाला अडकतो, त्याची काळजी तू वाहायची गरज नाही.

दोघांचे काम गुपचूप स्वतः करून टाकणे सोपे वाटते, निदान डोके शांत राहते. पण नोकरीत टीम दहा जणांची असेल तेव्हा तू किती रात्री जागणार? काम मागून घेणे, वेळेत आठवण देणे आणि नाही म्हणणे याचा सराव करायला प्रोजेक्टएवढी स्वस्त जागा पुढे मिळत नाही.

प्रश्न : बी.एस्सी.च्या एका विषयात चार गुणांनी नापास झालो. पेपर चांगला गेला होता. ऑफिसात गेलो तर 'विद्यापीठाचं आहे, आमच्याकडे नाही' म्हणून परत पाठवले. आता काय?
— एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : खिडकीवर तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि दुसऱ्या दिवशी ते कोणालाच आठवत नाही. कागद लिही.

पण त्याआधी निकालपत्र नीट वाच. नापास लेखी परीक्षेत आहे की अंतर्गत गुणांत? अंतर्गत गुण शून्य किंवा कोरे दिसत असतील तर ते कॉलेजकडून गेलेच नसतील. ती दुरुस्ती कॉलेजच्या पत्राने होते, पुनर्मूल्यांकनाने नाही. हजर असून गैरहजर दाखवले असेल तर परीक्षेच्या दिवशीच्या सहीपत्रकावरून सिद्ध होते. म्हणून हॉल तिकीट परीक्षेनंतर फेकायचे नाही.

गुण लेखी परीक्षेतच कमी असतील तर पहिल्यांदा उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा अर्ज कर. मुदत निकालानंतरच्या परिपत्रकात असते आणि थोड्या दिवसांची असते. ती गेली की मग कितीही चांगले कारण सांगितले तरी उपयोग होत नाही. छायाप्रत हातात आली की प्रश्नपत्रिका शेजारी घेऊन बस. आतल्या गुणांची बेरीज पहिल्या पानावरच्या बेरजेशी जुळते का? एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का? सगळ्या पुरवण्या जोडल्या आहेत का? उपप्रश्नाचा क्रमांक तूच चुकवला होतास का? मग विषयाच्या सरांना दाखव आणि त्यांनी 'गुण वाढतील' म्हटले तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भर. स्वतःचा पेपर असा वाचताना बहुतेकांना पहिल्यांदाच कळते की दोन पाने लिहून मुद्दा एकच मांडला होता. पुढच्या सेमिस्टरला याचा फायदा गुण वाढण्यापेक्षा जास्त होतो.

अर्जात दिनांक, प्राचार्यांच्या नावे, विषय, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), बैठक क्रमांक, सेमिस्टर, विषयाचा कोड आणि नेमकी मागणी एका वाक्यात असावी. दोन प्रती काढ. एक ऑफिसात दे, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. पुढच्या वेळी 'त्या दिवशी आलो होतो' असे न म्हणता आवक क्रमांक सांग, बोलणे लगेच कामाचे होते. क्लार्कवर चिडून काही हाती लागत नाही, खिडकीपलीकडच्या माणसाकडे तुझ्यासारखे शंभर अर्ज असतात. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ सुरू होईपर्यंत इथली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता विद्यापीठ केगावला, पुणे रस्त्यावर आहे. बार्शीहून जाऊन एका दिवसात काम करून परत येता येते, पण शिक्क्याची प्रत बरोबर असेल तरच जा.

आणि पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर एटीकेटीचा (राहिलेला विषय पुन्हा देण्याचा) परीक्षा अर्ज भरायचा थांबू नकोस. पुनर्मूल्यांकनाचा निकाल अर्जाची तारीख उलटल्यावर लागला आणि गुण वाढले नाहीत, तर सहा महिने हकनाक जातात.

प्रश्न : घरून महिन्याला सहा हजार येतात. खोलीचे भाडे १,८००, मेस २,६००. उरलेले वीस तारखेलाच संपतात आणि मग मित्रांकडून उसने. नेमके कुठे जातात कळत नाही.
— करमाळ्याचा विद्यार्थी, सध्या सोलापूर

उत्तर : उरतात १,६००. त्यातले ३०० पहिल्याच दिवशी बाजूला काढ. परीक्षा फी, जर्नल, प्रिंट, बाइंडिंग हे खर्च दर महिन्याला येत नाहीत, पण येतात तेव्हा एकदम येतात आणि मुले नेमकी त्याच महिन्यात उसने घेतात. राहिले १,३००. त्याचे महिन्यासाठी नाही, आठवड्यासाठी भाग कर: ३०० चे चार आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी १००. दर सोमवारी ३०० वेगळ्या खात्यात किंवा सरळ नोटांत घे. महिन्याचा अंदाज वीस तारखेला चुकलेला कळतो. आठवड्याचा गुरुवारीच कळतो, तेव्हा सावरायला वेळ असतो.

पैसे जातात ते बहुतेक दहा-वीस रुपयांच्या यूपीआयने. एका रविवारी महिन्याचे सगळे व्यवहार वहीत उतरवून चहा, पेट्रोल, रिचार्ज, खाणे असे गट पाड. हे एकदाच केले तरी पुरते, रोज हिशेब लिहिणारे दुसऱ्या आठवड्यात कंटाळतात. गावी जाणार असशील तर मेसवाल्याला आदल्या दिवशी सांग आणि खाडे (न जेवलेल्या दिवसांची वजावट) किती दिवसांनंतर धरतात हे मेस लावतानाच विचारून ठेव. उसने दिले-घेतले की त्याच दिवशी मेसेजमध्ये आकडा आणि परतीची तारीख लिही. मैत्री बिघडते ती पैशापेक्षा 'मी दिले होते ना?' या वादाने. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते, त्या महिन्याचे गणित वेगळे धर. जत्रेला जायचे नाही असे ठरवले तरी सोलापुरात ते कोणी पाळत नाही.

प्रश्न : मुलगी रोज अक्कलकोटहून एसटीने कॉलेजला जाते. तिला एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला जायचे आहे. घरचे तयार नाहीत. खड्डे खणून मुलगी काय शिकणार?
— एक आई, अक्कलकोट

उत्तर : राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ पासून चालू आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास काम करायचे, आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर. प्रमाणपत्र दोन्ही पुरे केल्यावर मिळते.

खड्डे खणण्याचेच सांगतो. डोंगरउतारावर पाणी अडवायला सलग समतल चर काढतात, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. खणण्याआधी ए-फ्रेमने (इंग्रजी ए अक्षराच्या आकाराच्या, ओळंबा लावलेल्या चौकटीने) समपातळीची रेषा आखावी लागते. मुले कंटाळून ती डोळ्यांच्या अंदाजाने आखतात, मग पावसाचे पाणी चराच्या एका टोकाला जमते आणि तिथेच बांध फुटतो. माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, वर टाकली तर पहिल्या सरीत चर भरतो. मोजमाप न करता केलेली मेहनत कशी वाया जाते हे इतक्या ढळढळीतपणे वर्गात दाखवता येत नाही.

स्वयंपाकाची पाळी हा दुसरा वर्ग. पन्नास जणांना पोळी-भाजीबरोबर वरणभात करायचा तर माणशी ६०-७० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम डाळ, म्हणजे साडेतीन किलो तांदूळ आणि दोन किलो डाळ. घरच्या चौघांचे माप सरळ बारापट केले की पाणी जास्त होते, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते. मीठ-तिखटही आधी कमी घालून शेवटी वाढवायचे. पाळी मुलग्यांनाही असते. नसेल, तर ती मागून घ्यायला मुलीला सांगा.

तुमची काळजी रास्त आहे, म्हणून कॉलेजात कार्यक्रम अधिकाऱ्यांना थेट भेटा. मुक्कामाला महिला प्राध्यापक पूर्ण सात दिवस असतील का? मुलींची राहायची जागा वेगळी आहे का? दिवे आणि शौचालय आहे का? जवळचा दवाखाना किती लांब आहे? मुलीला काही औषध चालू असेल तर संमतीपत्रावरच लिहा. उत्तरे नीट मिळाली तर पाठवा. टाळाटाळ झाली तर या वर्षी नको म्हणायला हरकत नाही, शिबिर पुढच्या वर्षीही असते.

प्रश्न : घरी तेलुगू, शाळा मराठी, सेमिनार इंग्रजीत. उभी राहिले की सगळे विसरते.
— एम.ए. भाग १, सोलापूर

उत्तर : सगळे पाठ केले म्हणूनच विसरतेस. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी सुटते. सात मिनिटांचा सेमिनार म्हणजे साधारण ७०० शब्द. त्यातली पहिली चार वाक्ये आणि शेवटचे एकच पाठ कर. मधल्या भागासाठी तीन मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिही. पातळ कागद थरथरतो आणि वर्गाचे लक्ष तिकडेच जाते.

सराव उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून, रिकाम्या वर्गात कर. मनातल्या मनात वाचले तर सात मिनिटांचे चारच वाटतात. सुरुवातीलाच फळ्यावर तीन मुद्दे लिहून टाक. हाताला काम मिळते, विसरलीस तर मागे वळून बघता येते. इंग्रजी शब्द आठवला नाही तर मराठीत सांग आणि पुढे जा, थांबून शोधत बसू नकोस. प्रश्न आला की तो आपल्या शब्दांत परत म्हण, तेवढ्यात विचार होतो. उत्तर येत नसेल तर 'हे मला माहीत नाही, बघून सांगते' म्हण आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांग. पहिला सेमिनार वाईटच जातो. दुसरा मिळायची वाट बघू नकोस, स्वतः मागून घे.

प्रश्न : शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर) दिसते, पैसे येत नाहीत. बँक म्हणते आधार जोडलेले आहे.
— एक विद्यार्थी, मंगळवेढा

उत्तर : आधार खात्याला जोडलेले असणे वेगळे आणि सरकारी रक्कम जमा व्हायला ते खाते एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) नोंदलेले असणे वेगळे. रक्कम ज्या बँकेत आधारची ही नोंद शेवटची झाली तिथे जाते, मग ते विसरलेले जुने शून्य शिलकीचे खाते का असेना. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघ, बँकेचे नाव कळेल. ते खाते बंद पडले असेल तर सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत आधार सीडिंगचा लेखी अर्ज दे आणि पोच घे. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघून मगच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदतही त्याच वेळी तपास, पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाला मुदत संपलेला दाखला चालत नाही आणि तहसीलमध्ये जून-जुलैत रांग मोठी असते.